हवालदाराचं रक्त आणि रबरी बूच

डॉक्टरसाहेब युद्धावरून कॅप्टन होऊन परत आले आणि पुढे मरेपर्यंत कॅप्टनच राहिले. फौजेनं त्यांना सोडलं, त्यांनी फौजेला सोडलं नाही. सांगलीतल्या त्यांच्या दवाखान्याच्या पाटीवर 'कॅप्टन' हा शब्द 'डॉक्टर'पेक्षा मोठ्या अक्षरांत होता. तपासायला आलेल्या म्हातारीलाही ते आधी सरळ उभी राहायला सांगत. युद्धात त्यांनी नक्की काय केलं ते कुणाला ठाऊक नव्हतं. एकदा त्यांच्याच तोंडून निसटलं की बहुतेक काळ ते देवळालीला होते आणि भरतीच्या पोरांचे दात आणि तळपाय तपासत होते.

त्यांच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला होते. पुण्याहून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली मुलगी तेव्हा सांगलीत दुसरी नव्हती, म्हणून त्यांनी मला ठेवलं. पाहुण्यांना दवाखाना दाखवताना ते मलाही दाखवत. वाईच्या आमच्या नातेवाइकांना रसायनशास्त्र म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी परक्या माणसांची लघवी तपासते एवढंच त्यांना कळलं होतं, आणि तेवढ्यावर त्यांनी माझ्या लग्नाचा विषय बंद करून टाकला. त्यांचे उपकारच झाले.

युद्ध संपल्याच्या दुसऱ्या वर्षी एका संध्याकाळी डॉक्टर एक इंग्रजी मासिक घेऊन प्रयोगशाळेत आले. मासिक जुनं होतं, युद्धाच्या सुरुवातीचं. त्यात दोन संशोधकांचा एक लहानसा लेख होता. शरीरात अन्न जळतं आणि त्याचा कर्बवायू रक्तात विरघळतो. रक्त फुप्फुसात पोचलं की तो वायू क्षणभरात सुटून बाहेर पडावा लागतो, आणि आपलं आपण हे काम इतकं भरभर होत नाही. तांबड्या पेशींमध्ये एक एन्झाइम असतं, ते हे काम झपाट्यानं करून देतं. त्या दोघांना आढळलं होतं की या एन्झाइमच्या पोटात जस्त असतं. घट्ट बसवलेलं, धुऊन न जाणारं. जस्त काढून घेतलं तर एन्झाइम निकामी होतं.

तो लेख मी उभ्यानंच वाचून काढला. बादल्यांना मुलामा देतात तो धातू माझ्या प्रत्येक श्वासात राबतोय हे वाचून अंगावर काटा आला होता, हे कबूल करते.

डॉक्टरांच्या अंगावर काटा वगैरे आला नाही. त्यांना लगेच सगळं समजलं होतं.

"जस्त जास्त, तर दम जास्त," ते म्हणाले. "आपला सातारा जिल्ह्याचा गडी इटलीच्या डोंगरात तोफा चढवतो, तो कशाच्या जोरावर? रक्तातल्या जस्ताच्या. आणि सांगलीचा पेढीवाला जिना चढताना धापा टाकतो. का? जस्त कमी."

"पेढीवाला दिवसभर बसून असतो," मी म्हटलं.

"तो बसून का असतो, ते विचारा. हे आपल्याला सिद्ध करायचंय."

"म्हणजे मोजायचंय."

"तेच ते," डॉक्टर म्हणाले.

ते तेच ते नव्हतं. पण मी मान हलवली. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, हातात खरं काम आलं होतं आणि गप्प बसणं मला महाग वाटत नव्हतं. आज त्या मानेचा मला त्यांच्याइतकाच राग येतो.

जवळच्या कॉलेजातल्या रसायनाच्या प्राध्यापकांनी मला चिमूटभर डायथिझोन दिलं. ही काळपट पूड कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये टाकली की गर्द हिरवं पाणी होतं. त्यात जस्ताचा अंश आला की ते जांभळट होतं आणि जस्त भरपूर असलं तर लालभडक. रक्त आधी अॅसिडात उकळून त्यातलं सगळं सेंद्रिय जाळून टाकायचं, मागे राहील ते हिरव्या पाण्याबरोबर हलवायचं आणि रंग ठरावीक नमुन्यांशी ताडून बघायचा. काम किचकट होतं. हात स्थिर लागत आणि अॅसिडाच्या धुरानं घसा सोलून निघे. डॉक्टर दिवसातून एकदा दारात उभे राहत, नाकाला रुमाल लावून विचारत, "लाल झालं का?" आणि निघून जात.

शहरी रक्त मिळायला अडचण नव्हती. दवाखान्यात येणाऱ्या कापडवाल्याचं, वकिलाचं, कारकुनाचं रक्त शेजारच्या खोलीत काढलं जाई आणि पाच मिनिटांत माझ्या काचेच्या भांड्यात येई. फौजी रक्तासाठी मात्र मोहीम निघाली. पेट्रोल कुपनावर मिळत होतं, तरी डॉक्टरांनी ते कुठून तरी पैदा केलं. चार रविवार आम्ही त्यांच्या मोटारीतून कडेगावच्या बाजूला गेलो, तेव्हा तो भाग सातारा जिल्ह्यात होता. पुढे ड्रायव्हर आणि डॉक्टर, मागे मी आणि बाटल्यांची पेटी. बाटल्या लष्कराच्या उरल्यासुरल्या मालातून आलेल्या होत्या, जाड काचेच्या आणि काळ्या रबरी बुचांच्या. त्यांच्यावरचे इंग्रजी शिक्के डॉक्टर सगळ्यांना दाखवत.

फौजेतून सुटून आलेले वीस-बावीस जण एका देवळाच्या ओसरीवर जमले होते. त्यांना बोलावून आणणारा एक हवालदार होता. चाळिशीच्या आतबाहेरचा, उसाची थोडी बागायत असलेला, इटलीहून परतलेला, डाव्या हाताची दोन बोटं आखडलेला. डॉक्टरांनी त्यांच्यापुढे भाषण केलं. तुमच्या रक्तात धातू आहे, म्हणून तुम्ही वाघ आहात, असं काहीसं. माणसं ऐकून घेत होती. भाषणं ऐकून घ्यायची त्यांना सवय होती.

हवालदाराच्या दंडाला मी पट्टा बांधला तेव्हा तो म्हणाला, "बाई, ह्यो धातू सगळ्यांत हाय का आमच्यातच?"

"सगळ्यांत आहे."

"मग सायेब आसं का म्हंत्यात?"

"साहेबांना तसं वाटतं," मी म्हटलं. तो हसला नाही, पण त्यानं माझ्याकडे नीट बघितलं.

रक्त गोठू नये म्हणून बाटलीत सायट्रेट असे. रक्त भरून बुचं बसवून पेटी मोटारीत ठेवली की कच्च्या रस्त्यानं ती संध्याकाळपर्यंत खडखडत सांगलीला येई. सोमवारी सकाळी मी ते रक्त जाळी आणि हिरव्या पाण्याशी हलवी. फौजी रक्त खरोखरच लाल निघालं. शहरी रक्त जांभळट. एक नाही, दोन नाही, प्रत्येक वेळी. मी आकडे मांडले. फरक डोळ्यांत भरणारा होता.

डॉक्टरांनी त्या दिवशी प्रयोगशाळेत पेढे वाटले आणि साताऱ्याला तार केली. तिथल्या डॉक्टर-वकील मंडळींच्या एका सभेत ते व्याख्यान देणार होते, त्याचा विषय बदलायला सांगितला. मीही पेढा खाल्ला. मला तो गोड लागला, हे लपवण्यात अर्थ नाही.

आठवड्याभरानं मी आपल्या समाधानासाठी एक गोष्ट केली. तोवर आम्ही अख्खं रक्त जाळत होतो. लेखात तर तांबड्या पेशींविषयी लिहिलं होतं. म्हणून हवालदाराचं राहिलेलं रक्त मी हातानं फिरवायच्या सेंट्रिफ्यूजमध्ये घातलं. पेशी तळाशी बसल्या, वर पिवळसर निवळ आली. पेशी मिठाच्या पाण्यानं तीनदा धुतल्या आणि पेशी वेगळ्या, निवळ वेगळी जाळली. शेजारी कापडवाल्याचं रक्त तसंच केलं.

कापडवाल्याच्या रक्तातलं बहुतेक सगळं जस्त पेशींत होतं, निवळ जेमतेम रंगली. असंच व्हायला हवं होतं. हवालदाराच्या पेशींतही कापडवाल्याच्या पेशींएवढंच जस्त होतं. तसूभरही जास्त नाही. जास्तीचं होतं ते सगळं त्याच्या निवळीत.

ज्या जस्तानं त्यानं इटलीत तोफा चढवल्या म्हणायचं, ते पेशींच्या आत गेलेलंच नव्हतं. ते बाहेर तरंगत होतं, कुठून तरी मागाहून आल्यासारखं.

पेटीत एक बाटली न वापरता परत आलेली होती. तिच्यात रक्त नव्हतं, नुसतं सायट्रेटचं पाणी होतं, आणि तिनंही चारही रविवार प्रवास केला होता. ते पाणी मी हिरव्या पाण्यात ओतून हलवलं. लालभडक झालं. कपाटातल्या सायट्रेटचं पाणी हलवलं, ते हिरवंच राहिलं.

मग एक रबरी बूच घेतलं, चाकूनं त्याचे तुकडे केले आणि उकळले. पुढचं सांगायला नको.

डॉक्टर रुमाल घेऊन दारात आले तेव्हा मी त्यांना आत बोलावलं आणि तिन्ही नळ्या दाखवल्या.

"जस्त बुचांतून येतंय," मी म्हटलं. "फौजी रक्त दिवसभर बुचांशी घुसळत येतं. इथलं रक्त बुचाला शिवतही नाही. फरक माणसांत नाही, बाटल्यांत आहे."

"रबरात जस्त कुठून येईल?" ते म्हणाले. "रबर झाडाचा चीक असतो."

"चिकात नसतं. कारखान्यात त्यात जस्ताची पांढरी पूड घालतात, रबर नीट पक्कं व्हावं म्हणून."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे. शिवाय ही नळी समोर आहे."

त्यांनी नळी उजेडाला धरली, बराच वेळ बघितली. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी माणसासारखं बोलेल.

"ही लष्कराची बुचं आहेत," ते म्हणाले. "लष्कर निकृष्ट माल घेत नाही. तुमचे हात धुतलेले नसतील." आणि गेले.

माझे हात. अॅसिडानं सोललेले, पिवळे पडलेले.

मी काचेच्या बुचांच्या बाटल्या प्राध्यापकांकडून मागून आणल्या, अॅसिडात भिजवल्या, उकळल्या आणि एका रविवारी सर्व्हिस मोटारीनं एकटीच कडेगावला गेले. एकट्या बाईनं असा प्रवास करणं तेव्हा लोकांना खपत नसे. मोटारीतल्या तिघांनी तरी मला कुठल्या शाळेत नेमणूक झाली म्हणून विचारलं. हवालदाराच्या घरी पोचले तर तो अंगणातच उभा होता. मला बघून त्याला नवल वाटलं नाही, उलट सुटका झाल्यासारखं वाटलं.

"बाई, बरं झालं आलासा. ह्ये काय दिलंय सायबानी?" त्यानं घरातून एक बाटली आणली. तळाशी पांढरट साका, वर पाणी.

त्याची बायको चौथ्या बाळंतपणापासून पांढरीफटक पडली होती, विहिरीपासून घरापर्यंत येताना दोनदा खाली बसायची. हवालदारानं तिला डॉक्टरांकडे नेलं होतं, मला पत्ता नव्हता. डॉक्टरांनी तिचा श्वास ऐकला आणि निदान केलं की जस्त कमी आहे. जस्ताचं पाणी दिलं, दिवसातून तीनदा.

"पोटात ठरतच न्हाई," हवालदार म्हणाला. "प्याली की वकती. चार दीस झालं, अन्नाचा कण न्हाई. सायबाला जाऊन सांगितलं, तर म्हनलं, सवय हुईल."

ती आत घोंगडीवर पडली होती. मी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. आत रंग म्हणून नव्हता. जस्ताचं ते पाणी जुन्या काळी मुद्दाम उलटी व्हावी म्हणून देत असत, हे मला पुस्तकातून माहीत होतं. डॉक्टरांना माहीत असायलाच हवं होतं, त्यासाठी त्यांना पदवी मिळाली होती.

"हे ओतून टाका," मी हवालदाराला सांगितलं. "मी डॉक्टर नाही, औषध सांगणार नाही. पण यांच्या रक्तात लोह कमी पडलंय असं मला वाटतं. मिरजेच्या मिशनच्या दवाखान्यात न्या. उद्याच न्या."

त्यानं बाटली उचलली आणि उकिरड्यावर रिकामी केली. मग घरात येऊन सदऱ्याची बाही वर केली.

"घ्या. रगत न्ह्यायलाच आलाय न्हवं?"

मला ते मागायची लाज वाटत होती. त्यानं ओळखलं होतं.

त्या रक्तावर मी पुढचे दहा दिवस काम केलं, आणि ते दिवस माझ्या त्या नोकरीतले एकमेव चांगले दिवस. हवालदाराचं, वकिलाचं आणि माझं स्वतःचं, अशी तीन रक्तं. तिन्ही काचेत घेतलेली. पेशी धुऊन पाण्यात फोडल्या, मद्यार्क आणि क्लोरोफॉर्म घालून हलवल्या. हिमोग्लोबिन विटकरी चोथा होऊन खाली बसलं आणि वर स्वच्छ पाणी राहिलं. रक्ताला रक्तपण देणारं सगळं खाली गेलं होतं, आणि जस्त मात्र बहुतेक सगळं त्या वरच्या बिनरंगी पाण्यात होतं, त्या एन्झाइमला धरून. ते पाणी सेलोफेनच्या पिशवीत घालून दोन दिवस बाहेरच्या पाण्यात टांगलं. मीठ निघून गेलं, जस्त निघालं नाही. तिन्ही रक्तांत तेच. तिघांच्या पेशींतलं जस्त इतकं सारखं होतं की नळ्यांवरच्या चिठ्ठ्या पडल्या असत्या तर कुठली कुणाची ते मला सांगता आलं नसतं.

मी हे स्वच्छ अक्षरात दोन पानांवर लिहून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला. मी बघत असताना.

साताऱ्याच्या सभेला त्यांनी मला नेलं, कारण नळ्या मांडायला कुणीतरी हवं होतं. हॉलमध्ये शे-दीडशे माणसं होती. पुढच्या रांगेत वकील, डॉक्टर, दोन निवृत्त मामलेदार आणि पाचगणीहून आलेला एका शाळेचा मुख्याध्यापक, डोक्याला हॅट. बायका डाव्या बाजूला, त्यांच्याकडे वक्ता बघणार नाही अशा बेतानं बसवलेल्या. व्यासपीठावर खुर्चीत हवालदार, छातीवर बिल्ले. डॉक्टरांनी त्याला नमुना म्हणून बोलावलं होतं, आणि बायकोला बरं वाटायला लागल्यानं तो आला होता. मिरजेला तिला लोहाचं औषध मिळालं होतं. ते त्यानं मला सभेआधी दारात सांगितलं.

डॉक्टर तासभर बोलले. जुनेच आकडे, जुन्याच लाल नळ्या. वाघ, मावळे, धातू. बोलता बोलता त्यांनी हवालदाराला उभं केलं, दंड फुगवायला सांगितलं. टाळ्या पडल्या. हवालदारानं दंड फुगवला नाही. त्यानं नुसता हात पुढे केला, आखडलेल्या बोटांचा.

अध्यक्ष म्हणाले, कुणाला काही विचारायचं आहे का. मी नळ्यांपाशी उभीच होते.

"त्या नळ्यांतलं जस्त बाटल्यांच्या रबरी बुचांतून आलेलं आहे," मी म्हटलं. "मी काचेच्या बुचांच्या बाटल्यांत रक्त घेऊन पुन्हा मोजलं. हवालदारांच्या आणि सांगलीच्या वकिलांच्या पेशींत जस्त सारखंच आहे."

मग अध्यक्ष, जे स्वतः वकील होते, म्हणाले, "कुठल्या वकिलांचं रक्त?" आणि सभा हसली. पुढच्या रांगेतल्या एकानं शेजाऱ्याला विचारलं, ही बाई कोण. हॅटवाल्यानं घड्याळ पाहिलं. दीडशे शिकलेल्या माणसांपैकी एकानंही विचारलं नाही की बुचात जस्त असतं का, किती, आणि तुम्ही ते कसं ओळखलं.

"बुचांची चर्चा चहाच्या वेळी करू," डॉक्टर हसून म्हणाले.

तेव्हा हवालदार बोलला. त्याचा आवाज मोठा नव्हता.

"बाई खरं बोलत्यात. तुमच्या पान्यानं आमची कारभारीण मरायला टेकली व्हती. आनि माझ्या रगतात येगळं काय न्हाई. म्या इटलीत डोंगर चढलो कारन मागं सुभेदार हुता."

यावरही ते हसले. त्यांना वाटलं, खेडवळ माणसानं विनोद केला. चहा आला. डॉक्टरांना हार घातला आणि हवालदाराला नारळ दिला. त्यानं तो खुर्चीवरच ठेवला आणि बाहेर पडला. नळ्या तशाच सोडून मीही बाहेर आले. फाटकापाशी त्यानं मला विचारलं, "आता तुमची नोकरी ऱ्हातीय का?"

"मीच सोडणार आहे."

"सोडा," तो म्हणाला. "लय वास येतो तितं." अॅसिडाविषयी बोलला की माणसांविषयी, मी विचारलं नाही.

डॉक्टरांनी मला काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते प्रयोगशाळेत आले, नाकाला रुमाल न लावता, आणि म्हणाले, "बाई, ती बुचं बदलून टाका. काचेची मागवा." जणू ते त्यांनाच सुचलं होतं. माझी दोन पानं त्यांच्या हातात होती, वर चहाचा गोल डाग. त्यांना बाकीचे आकडे हवे होते. वहीची नक्कल करून मी ती दिली, मूळ वही ट्रंकेत टाकली आणि महिनाअखेर साताऱ्याच्या एका मुलींच्या शाळेत शिकवायला गेले. तिथे रसायनशास्त्र नव्हतं. मी भूगोल आणि शिवण शिकवलं.

दोन वर्षांनी शाळेच्या वाचनालयात एक वैद्यकीय मासिक आलं, कुणीतरी रद्दी म्हणून दिलेलं. त्यात डॉक्टरांचा लेख होता. रक्तातलं जस्त मोजताना रबरी बुचांमुळे होणारी चूक, आणि ती प्रथम कशी ध्यानात आली, यावर. लेख चांगला होता. माझी वाक्यंच इंग्रजीत गेली होती, हवालदाराचा उल्लेख 'एक सशक्त शेतकरी' असा होता, वकील 'एक बैठं काम करणारा गृहस्थ' झाला होता, आणि तिसरं रक्त, माझं, 'निरोगी स्त्री' या नावाखाली होतं. शेवटी आभार मानले होते. नमुने काळजीपूर्वक वाहून आणल्याबद्दल, मोटारीच्या ड्रायव्हरचे.

मी मासिक परत रद्दीत ठेवलं आणि शिवणाच्या तासाला गेले.